चौदा फ्रेमचा विनोद : जुन्या स्लॅपस्टिक कार्टूनची फिल्म प्रिंट कशी निवडावी, तपासावी, चालवावी आणि जपावी

कड्याच्या टोकावरून रोड रनर कार्टूनमधला कोयोटी खाली जातो. १८ फ्रेममध्ये तो ठिपका होऊन दिसेनासा होतो, पुढच्या १४ फ्रेम पडद्यावर काहीच घडत नाही, आणि मग दरीच्या तळाशी धुळीचा एवढासा ढग उठतो. हे माप दिग्दर्शक चक जोन्सचं. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने पाऊण सेकंद पडणं आणि अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वाट पाहणं. हसू येतं ते त्या वाट पाहण्यामुळे. १६ मि.मी. फिल्मवर या १४ फ्रेमची लांबी भरते १०.७ सेंटिमीटर. एक वीतसुद्धा नाही.

जुन्या आपटाआपटीच्या कार्टूनपटांच्या रिळांकडे संग्राहक ओढले जातात ते यासाठी. इथे विनोद हातात धरून मोजता येतो. तव्याचा फटका नेमका कुठल्या फ्रेमवर बसला, त्याआधी मांजराचा चेहरा किती फ्रेम गोठलेला होता, एकाच फ्रेमपुरतं ताणलेलं पुसट चित्र कुठे घातलं आहे, हे सगळं भिंगाखाली उघड दिसतं. व्हिडिओवर उतरवलेल्या आवृत्त्यांत यातलं बरंच हरवतं. डाग पुसणारं स्वयंचलित सॉफ्टवेअर वेगाने हलणारी शाईची रेघ कचरा समजून खोडतं. मारामारीच्या ऐन क्षणी पात्रांच्या कडा तुटक होतात. आपल्याकडे टीव्हीसाठी वापरात असलेली पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. तिच्यात फिल्म थेट उतरवली की ती ४ टक्के जास्त वेगाने धावते, सात मिनिटांच्या कार्टूनमधले जवळपास १७ सेकंद उडतात आणि संगीत जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतं.

म्हणून प्रिंट, म्हणजे पडद्यावर दाखवायला छापलेली फिल्मची प्रत, घेताना पहिला प्रश्न टायमिंग शाबूत आहे का, हा. रंग आणि ओरखडे त्यानंतर. पुढचं सगळं मार्गदर्शन याच क्रमाने केलं आहे.

आधी फिल्मचं माप ठरवा

घरच्या संग्रहासाठी १६ मि.मी. हे सर्वांत समाधान देणारं माप. कोडॅकने ते १९२३ मध्ये आणलं, तेही पहिल्यापासून न भडकणाऱ्या सेफ्टी बेसवर (बेस म्हणजे चित्राखालची पारदर्शक पट्टी). एका फुटात ४० फ्रेम असतात, बोलपटाच्या वेगाने मिनिटाला ३६ फूट फिल्म जाते. सात मिनिटांचं कार्टून २५२ फुटांत बसतं, म्हणजे ४०० फुटांचं एक रीळ त्याला पुरून उरतं. एकेका कार्टूनसाठी वेगळं रीळ ठेवता येतं, हे संग्राहकाच्या दृष्टीने फार सोयीचं आहे. विक्रेता लांबी सांगतो तेव्हा हा हिशेब लगेच करावा. सात मिनिटांच्या कार्टूनची प्रिंट २२० फूट भरत असेल तर ३२ फूट, म्हणजे जवळपास ५३ सेकंद गायब आहेत.

सुपर ८ हे १९६५ मधलं माप. फुटाला ७२ फ्रेम. २४ च्या वेगाने सात मिनिटांचं कार्टून १४० फुटांत मावतं. घरगुती बाजारासाठी निघालेल्या ८ मि.मी. आणि सुपर ८ प्रिंटांत एक सापळा आहे. कॅसल फिल्म्ससारख्या अमेरिकन कंपन्या पूर्ण कार्टूनबरोबर ५० फुटांच्या कापलेल्या मूक आवृत्त्याही विकत. सुपर ८ वर मूकपटाच्या १८ च्या वेगाने ५० फूट म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. अर्धं कार्टून, आवाज नाही, आणि फटक्याआधीची तयारी कापलेली. डबा देखणा असतो, त्यावरचं चित्र मोहात पाडतं. डबा म्हणून जरूर घ्या, कार्टून म्हणून घेऊ नका. इंग्लंडमधल्या डडली गावच्या डेरॅन कंपनीने मात्र एकविसाव्या शतकातही पूर्ण लांबीच्या, रंगीत, ध्वनिसहित सुपर ८ प्रिंट काढल्या. जागा आणि पैसा बेताचा असेल तर त्यांच्या जुन्या प्रिंटांवर लक्ष ठेवावं.

३५ मि.मी.च्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. कोडॅकने झटकन पेट घेणारा नायट्रेट बेस १९५१ मध्ये थांबवला. त्याआधीचं ३५ मि.मी.चं कुठलंही रीळ खात्री होईपर्यंत नायट्रेटच समजावं. ते एकदा पेटलं की जळायला बाहेरच्या हवेची गरज लागत नाही, त्यामुळे पाणी टाकून किंवा झाकून विझत नाही. असं रीळ हाती आलं तर घरात ठेवू नका, कुरियरने पाठवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला आधी विचारा.

तेच कार्टून, वेगवेगळ्या आवृत्त्या

एकच कार्टून चार-पाच रूपांत बाजारात फिरत असतं आणि नाव मात्र एकच असतं. वॉर्नर ब्रदर्सची कार्टून १९४३ पासून ‘ब्लू रिबन’ नावाने पुन्हा प्रदर्शित होऊ लागली. तेव्हा मूळ श्रेयपाट्या काढून नव्या लावल्या गेल्या. कुणी चित्रं काढली, कुणी गोष्ट लिहिली, हे त्या प्रिंटांत सापडत नाही. वॉर्नरचा १९४८ पूर्वीचा रंगीत संग्रह १९५६ मध्ये असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्सकडे गेला आणि टीव्हीसाठीच्या १६ मि.मी. प्रिंटांच्या सुरुवातीला ‘ए.ए.पी.’ची पाटी आली. फ्लायशर स्टुडिओच्या खलाशी पॉपायच्या कार्टूनांवरही तीच पाटी दिसते. या टीव्ही प्रिंट आज सर्वांत जास्त मिळतात. त्यांत कार्टूनचा मजकूर बहुधा पूर्ण असतो, पण नंतर टीव्ही केंद्रांनी आपापल्या सोयीने कात्री चालवलेली असू शकते.

वॉर्नरच्या काही कृष्णधवल कार्टूनांच्या १९६० च्या दशकाअखेरच्या रंगीत आवृत्त्या मिळतात. मूळ चित्रं कोरियात पुन्हा गिरवून त्या बनवल्या होत्या. गिरवताना मधली चित्रं गाळली गेली, हालचाल अडखळते. टायमिंगसाठी प्रिंट घेणाऱ्याने त्यांच्याकडे पाहू नये.

टॉम अँड जेरीमध्ये कोणाचं कार्टून आहे, हे आधी पाहावं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एम.जी.एम.मध्ये १९४० ते १९५८ या काळात ११४ कार्टून केली. संगीत जवळपास सगळ्यांना स्कॉट ब्रॅडली यांचं. त्यानंतरची १३ प्रागमध्ये जीन डाइच यांनी आणि ३४ चक जोन्स यांनी केलेली. तिन्हींचं टायमिंग वेगवेगळं आहे. १९५४ पासूनची काही कार्टून रुंद पडद्याच्या सिनेमास्कोपमध्ये आहेत. अशी प्रिंट साध्या भिंगाने दाखवली तर सगळे उंच आणि काडीसारखे दिसतात. दुपटीने रुंदावणारं ॲनामॉर्फिक भिंग नसेल तर प्रिंट ‘फ्लॅट’, म्हणजे साध्या भिंगाने दाखवता येणारी, आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा.

कापलेल्या दृश्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. स्फोटानंतर काळं पडलेलं तोंड आणि त्यावर रचलेला कृष्णवर्णीयांची टिंगल करणारा विनोद त्या काळच्या कितीतरी कार्टूनांत आहे. पुढे टीव्हीने तो कापला, आणि काही कार्टून १९६८ मध्ये प्रसारणातून पूर्णपणे काढून घेण्यात आली. संग्रहात न कापलेली प्रिंट असणं इतिहासासाठी मोलाचं आहे. मुलांसमोर लावण्याआधी मात्र ती स्वतः पूर्ण पाहिलेली असावी, आणि प्रौढांसमोर लावताना त्यात काय आहे ते आधी सांगावं.

प्रिंट तुमची झाली म्हणजे हक्क तुमचे झाले असं नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. अमेरिकेत २८ वर्षांनी नूतनीकरण न झाल्यामुळे काही कार्टून मुक्त झाली; १९४१ ते १९४३ मधली सुपरमॅनची १७ कार्टून त्यांतलीच. पण पात्रांच्या नावांवर आणि रूपांवर ट्रेडमार्क वेगळा असू शकतो. घरी पाहणं वेगळं, तिकीट लावणं वेगळं.

पहिली खरेदी करणाऱ्याला आमचा सल्ला : तीसच्या दशकातला कृष्णधवल पॉपाय. कृष्णधवल फिल्मवरची चांदीची प्रतिमा उडत नाही, ए.ए.पी.च्या प्रिंट मुबलक आहेत, आणि गुद्द्यांचं टायमिंग शिकायला याहून चांगलं पुस्तक नाही.

रंग : काय उडतं, काय टिकतं

१९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंतच्या ईस्टमनकलर (कोडॅकची रंगीत फिल्म) प्रिंटांतला निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी जातो, पिवळाही फिका पडतो, आणि उरते गुलाबी-लाल छटा. हे मंदावता येतं, उलटवता येत नाही. कडेवर ‘एल.पी.पी.’ अशी अक्षरं छापलेली असतील तर ती १९८० च्या दशकातली टिकाऊ फिल्म. तिचे रंग आजही चांगले असतात.

टेक्निकलरच्या जुन्या ‘आय.बी.’ प्रिंटमध्ये तीन रंग छापखान्यातल्यासारखे एकावर एक उमटवलेले असत. अंधारात ठेवलेली अशी प्रिंट सत्तर वर्षांनंतरही ताजी दिसते. ओळखायची खूण : फिल्मच्या कडा स्वच्छ पारदर्शक, ध्वनिपट्टी राखाडी-काळी. कोडाक्रोमच्या प्रिंटचे रंगही टिकतात, पण तिच्या कडा काळ्या असतात, कारण ती रिव्हर्सल, म्हणजे निगेटिव्हशिवाय थेट चित्र उमटणारी फिल्म आहे. ईस्टमनच्या कडा पारदर्शक असतात आणि त्यांवर कंपनीचं नाव छापलेलं असतं.

विक्रेत्याने पाठवलेल्या मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. कॅमेरा आपोआप रंग सुधारतो आणि गुलाबी झालेली प्रिंटही बरी दिसते. पांढऱ्या प्रकाशपेटीवर फिल्म ठेवून, शेजारी पेटीचा मोकळा भाग दिसेल असा फोटो मागा. मोकळा भाग पांढरा आणि कार्टूनमधला पांढरा गुलाबी असेल तर रंग उडाला आहे. काळ्या भागाकडेही पाहा. काळा जर लालसर-तपकिरी दिसत असेल तर रंग उडायला केव्हाच सुरुवात झाली आहे.

कोडॅकच्या फिल्मच्या कडेवर चौकोन, वर्तुळ, त्रिकोण अशा वर्षदर्शक खुणा असतात. ही खुणांची मालिका २० वर्षांनी पुन्हा फिरून येते, त्यामुळे एकच खूण १९४२ ची असू शकते आणि १९६२ चीही. त्यातही ते वर्ष फिल्म बनल्याचं, कार्टून बनल्याचं नाही.

टेबलावरची तपासणी

प्रिंट हाती आल्यावर थेट प्रोजेक्टरला लावू नये. लागणारं सामान थोडं आहे : रीळ उलगडायला-गुंडाळायला हाताने फिरवायची दोन रिवाइंड, प्रकाशपेटी, ८ किंवा १० पटीचं भिंग, धागे न सुटणारे सुती हातमोजे, मिलिमीटरची एक मीटर लांब पोलादी पट्टी आणि वही.

डबा उघडताच वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर सेफ्टी फिल्मचा ॲसिटेट बेस विघटित होऊ लागला आहे. किती, ते नाकाने ठरवू नका. ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात एक पट्टी ठेवून झाकण लावा, खोलीच्या तापमानाला निदान एक दिवस थांबा. निळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर फिल्म वेगळी काढा आणि लवकर स्कॅन करून घ्या. पिवळी झाली तर ती इतर रिळांच्या खोलीतही नको, कारण हीच वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते.

मग आकसणं मोजा. नव्या १६ मि.मी. प्रिंटच्या १०० फ्रेमची लांबी ७६२ मि.मी. असते. रिळाच्या मधल्या भागातल्या १०० फ्रेम पट्टीवर न ताणता सपाट ठेवा. ७५६ मि.मी. भरली तर आकुंचन ०.८ टक्के. त्यापुढे नेहमीच्या प्रोजेक्टरवर चालवणं धोक्याचं, कारण दाते छिद्रांत नीट बसत नाहीत आणि छिद्रांच्या कडा फाटतात. ७४७ च्या आसपास आली, म्हणजे २ टक्के, तर ती फिल्म यंत्राला लावायचीच नाही.

आता संपूर्ण रीळ हळू फिरवत, फिल्मच्या दोन्ही कडा बोटांच्या चिमटीतून सैल सोडत न्या. हातमोज्यातूनही फाटलेलं छिद्र आणि उचललेला जोड लगेच कळतो. प्रत्येक जोड वहीत लिहा : सुरुवातीपासून किती फूट, टेपचा की सिमेंटचा (फिल्म विरघळवून चिकटवणारा द्रव), आणि जोडाच्या दोन्ही बाजूंची चित्रं सलग आहेत का.

सलग आहे की नाही हे कार्टूनमध्ये ओळखणं सोपं आहे, फक्त एक गोष्ट माहीत हवी. बहुतेक हालचाल ‘टूज’वर असते, म्हणजे एक चित्र सलग दोन फ्रेमवर. फार वेगवान हालचाल ‘वन्स’वर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. जोडाच्या आधी दोन-दोनच्या जोड्या चालू आहेत आणि जोडापाशी एकच फ्रेम सुटी पडली, तर तिथे विषम संख्येने फ्रेम गेल्या आहेत. पार्श्वभूमी सरकत असेल तर आणखी सोपं : झाड किंवा कुंपण दर फ्रेमला सारख्या अंतराने सरकतं, जोडापाशी उडी मोठी दिसली की त्या उडीला नेहमीच्या अंतराने भागा. उत्तरातून एक वजा केला की साधारण किती फ्रेम गेल्या ते कळतं.

जोड कुठे आहे यावर प्रिंटची किंमत ठरवावी. श्रेयपाटीच्या आसपास चार जोड असले तरी चालतील. पण पात्र स्तब्ध उभं असण्याच्या जागी एक जोडसुद्धा महागात पडतो. लोक तिथेच कापतात, कारण ‘काहीच घडत नाही’ असं वाटतं. आणि विनोद तर त्या काहीच न घडण्यातच आहे.

ध्वनीचा हिशेब यापुढचा. १६ मि.मी.वर प्रकाशीय ध्वनी चित्राच्या २६ फ्रेम आधी, रिळाच्या सुरुवातीच्या दिशेला, छापलेला असतो. सुपर ८ च्या चुंबकीय पट्टीवर हे अंतर १८ फ्रेमचं. यातून असं होतं की एका कापामुळे दोन विनोद बिघडतात. समजा ६ फ्रेम गेल्या. जोड गेटमधून, म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्यासमोरच्या चौकटीतून जातो तेव्हा चित्र उडी मारतं. तोच जोड आवाज वाचणाऱ्या ध्वनिमुंडीपाशी पोचायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्या सेकंदभरात चित्र आवाजाच्या ६ फ्रेम पुढे असतं. फटका आधी दिसतो, पाव सेकंदाने ऐकू येतो. मग आवाज उडी मारतो आणि पुन्हा जुळतं. प्रेक्षकाला कापलेलं कळत नाही, फक्त हसू येत नाही.

प्रिंट मुळात जुळलेली आहे का, हेही टेबलावरच पाहता येतं. एखादा जोरदार फटका शोधा. जिथे तवा डोक्याला लागतो त्या फ्रेमपासून रिळाच्या सुरुवातीकडे २६ फ्रेम, म्हणजे १९.८ सेंटिमीटर मोजा. तिथे ध्वनिपट्टीवर अचानक मोठा झालेला आकार दिसायला हवा. तो तीन-चार फ्रेम इकडेतिकडे असेल तर दोष छपाईतला आहे, प्रोजेक्टरचा नाही.

पॉपायच्या बाबतीत ओठ पाहून निर्णय घेऊ नका. फ्लायशर स्टुडिओत आवाज चित्रं पूर्ण झाल्यावर नोंदवत, आणि पॉपायला आवाज देणारा जॅक मर्सर त्याची पुटपुट आयत्या वेळी भरत असे. ओठ हलत नसतानाही पॉपाय बोलतो. हे त्या कार्टूनांचं वैभव आहे, दोष नव्हे. तिथे गुद्द्यांवरूनच मोजा.

दुरुस्ती : एकही फ्रेम न गमावता

फाटलेलं छिद्र दिसलं की फ्रेम कापून टाकायची सवय अनेकांना असते. स्लॅपस्टिकच्या प्रिंटवर ती मोडलीच पाहिजे. छिद्रं पाडलेली पारदर्शक दुरुस्ती-टेप मिळते. ती दोन्ही बाजूंनी लावली की फाटलेली जागा धरून राहते आणि फ्रेम वाचते.

तुटलेल्या जागी टेपचा जोड द्या. सिमेंटच्या जोडात एका टोकाचा थर खरवडून दुसरं टोक त्यावर चढवावं लागतं, त्यात बहुधा फ्रेम जाते. पॉलिएस्टर फिल्मला तर सिमेंट चिकटतच नाही. फिल्म कुठली ते ओळखायला रीळ बाजूने प्रकाशाकडे धरा : पॉलिएस्टरमधून प्रकाश आरपार येतो, ॲसिटेटचं रीळ अंधारं दिसतं. टेप लावताना दोन्ही टोकं फ्रेमरेषेवर बरोबर जुळवा, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला लावा, बुडबुडे गुळगुळीत काडीने बाहेर काढा. टेप ध्वनिपट्टीच्या कडेबाहेर आली तर ती गेटमध्ये अडकते. जास्तीची ब्लेडने काढा. जोडामुळे आवाजात ‘ठप’ असा ठोका येत असेल तर ध्वनिपट्टीवर काळ्या अपारदर्शक शाईने दोन्हीकडे निमुळता होणारा छोटा ठिपका काढतात, त्याने तो मऊ होतो. पण फटक्याच्या आवाजावर असा ठिपका देऊ नका, फटकाच गिळला जाईल.

घरगुती चिकटपट्टी कधीही नाही. तिचा डिंक वाहतो आणि पुढच्या थराला चिकटतो.

स्वच्छतेसाठी फिल्मसाठीच बनवलेला द्रव, फिल्मगार्ड हा त्यातला परिचित, मऊ बिनधाग्याच्या कापडावर थोडा घेऊन रीळ त्यातून हळू फिरवा; कापडाची जागा दर ३०-४० फुटांनी बदला, नाहीतर पहिल्या घडीतला खडा शेवटपर्यंत रेघ ओढत जातो. पाणी मिसळलेलं औषधी स्पिरिट चालत नाही, इमल्शन (चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर) फुगतं. आणि शिवणयंत्राचं तेल फिल्मवर लावू नका.

प्रोजेक्टर : वेग, लूप आणि प्रकाश

भारतात जुना अमेरिकन प्रोजेक्टर आणला की सर्वांत जास्त फसगत इथे होते. यंत्र १२० व्होल्टचं, म्हणून लोक ट्रान्सफॉर्मर लावतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झवर बेतलेली एसी मोटर आपल्या ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, आणि २४ ऐवजी २० फ्रेम जातात. आवाज तीन अर्धस्वरांनी उतरतो, १२० च्या ठेक्यातलं संगीत १०० वर येतं. सगळ्यांना झोप आल्यासारखं कार्टून दिसतं. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली बसवणं. अनेक यंत्रांत दोन व्यासांची पुली असते आणि पट्टा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवला की काम होतं.

वेग तपासायला कोरी लीडर फिल्म (रिळाच्या सुरुवातीला जोडतात ती) ३६ फूट मोजून दोन टोकांना खूण करा आणि घड्याळ लावून चालवा. ६० सेकंद लागले पाहिजेत. ७२ लागले तर फ्रिक्वेन्सीचाच घोळ आहे. ६२-६३ लागले तर पट्टा सैल आहे किंवा ग्रीस सुकलं आहे. जुन्या यंत्रांत प्लास्टिकचं वर्म गियर धातूच्या दांड्यावर आकसून तडकतं. तडा दिसला की ते बदलल्याशिवाय मोटर चालू करू नका, नाहीतर तुकडे बाकीच्या दात्यांत जातात.

खालचा लूप, म्हणजे गेटखाली सैल सोडलेला फिल्मचा वळसा, हा टायमिंगचा खरा कारभारी. गेट आणि आवाज वाचला जातो तो ध्वनिड्रम यांमध्ये बरोबर २६ फ्रेम फिल्म राहावी, म्हणून यंत्रावर लूपची रेघ आखलेली असते. लूप दोन फ्रेमने लहान-मोठा झाला की आवाज सेकंदाच्या बाराव्या भागाने सरकतो. संवादात हे खपून जातं, फटक्यात नाही. फिल्म भरल्यावर मोटर न लावता हाताने फिरवायच्या मुठीने गेटच्या दात्यांची दोन-तीन आवर्तनं फिरवून पाहा, लूप रेघेवर राहतो का. खेळ चालू असताना फाटक्या छिद्रापाशी लूप सुटला, तर यंत्र थांबवून पुन्हा बसवा. तसंच पुढे रेटलं तर पुढची सगळी कार्टून बिघडलेल्या तालात जातात.

गेट दर रिळाआधी ब्रशने झाडा. गेटमध्ये अडकलेला इमल्शनचा बारीकसा कणही अख्ख्या प्रिंटवर सरळ रेघ ओढतो. लोखंडी टोकाने तो काढू नका, लाकडी काडी वापरा.

पडद्यासाठी हिशेब सोपा आहे : भिंगाचं नाभीय अंतर गुणिले पडद्याची रुंदी, भागिले गेटची रुंदी. १६ मि.मी.चं गेट ९.६५ मि.मी. रुंद. दीड मीटर रुंद पडद्यासाठी ५० मि.मी. भिंग सुमारे ७.८ मीटर लांब ठेवावं लागतं, ३८ मि.मी. सुमारे ५.९ मीटर, २५ मि.मी. सुमारे ३.९ मीटर. मुंबईतल्या दिवाणखान्याला बहुधा शेवटचंच लागतं. यंत्राचा आवाज दुसऱ्या खोलीत ठेवता आला, दाराच्या काचेतून दाखवता आलं, तर फार बरं. फटक्याआधीची शांतता खऱ्या अर्थाने शांत राहते.

साठवण : कोकण आणि देश यांत फरक आहे

ॲसिटेट फिल्म २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली तर साधारण चाळीस-पन्नास वर्षांत व्हिनेगरच्या वाटेला लागते. मुंबई, रत्नागिरी, पणजीचा पावसाळा याहून कितीतरी दमट. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरते, आणि ती इमल्शनचं जिलेटिन खाते. गेलेलं चित्र परत येत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी कॅमेऱ्यांसाठी मिळणारं विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्यावं आणि ४० टक्क्यांवर लावावं. पुणे-नाशिककडे उन्हाळ्यात उलटा त्रास असतो : छपराखालची खोली तापते. माळा नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको.

हवाबंद पत्र्याच्या डब्यांत वाफ कोंडते. बाजूला हवेची छिद्रं असलेले पॉलिप्रोपिलीनचे डबे वापरा, आडवे ठेवा, सहापेक्षा जास्त एकावर एक रचू नका. रंग बदलणारं सिलिका जेल कपाटात ठेवायचं असेल तर नारिंगीचं हिरवं होताच ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत ठेवा. ओलं सिलिका जेल तसंच ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, प्रत्येक रीळ सावकाश उलगडून पुन्हा गुंडाळा. घट्ट नको, सैलही नको. त्याच वेळी ए-डी स्ट्रिप बदला आणि वहीत तारीख टाका.

फार मोलाची प्रिंट थंडीत ठेवायची असेल तर दोन झिप-पिशव्यांत, आतली हवा काढून. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी थेट फिल्मवर बसतं.

स्कॅन करून घेताना

हिरव्या पट्टीवर आलेली प्रिंट स्कॅनला द्यायची झाली तर चार गोष्टी लिहून द्या. फ्रेम-दर-फ्रेम स्कॅन हवं, प्रोजेक्टरसमोर कॅमेरा ठेवून केलेलं नको. फाइल २४ च्याच वेगाने हवी, २५ वर नेलेली नको. डाग काढणारं, स्थिर करणारं कुठलंही स्वयंचलित काम मूळ फाइलवर करायचं नाही. आणि दाते असलेलं नाही, आकसलेल्या फिल्मसाठीचं रोलरवर चालणारं स्कॅनर वापरायचं. फाइल हाती आली की वहीतल्या नोंदी घेऊन बसा : टेबलावर मोजलेला एखादा लांब स्तब्ध क्षण शोधा आणि एकेक फ्रेम पुढे नेत मोजा. फिल्मवर १४ असतील तर फाइलमध्येही १४ च हव्यात. १३ किंवा १५ आल्या तर फाइल परत पाठवा.